जेवणातील गुन्हेगार कसा शोधावा?

विद्यार्थी मित्रहो, साथीच्या रोगांवरचा धडा तुम्ही वाचलेला आहे. पटकी दूषित पाण्यातून पसरते, हिवताप डासांमुळे होतो, क्षयाचे जंतू हवेतून जातात, हे तुम्हांला पाठ आहे. परीक्षेत तसा प्रश्न आला तर तुम्ही पैकीच्या पैकी गुणही मिळवाल. पण समजा, एखाद्या गावात एका रात्रीत चाळीस-पन्नास माणसे आजारी पडली आणि कारण कोणालाच ठाऊक नाही. मग काय कराल? पुस्तकात उत्तर मिळायचे नाही, कारण ही घटना अजून कोणत्याही पुस्तकात आलेली नाही.

असे कारण शोधून काढण्याच्या शास्त्राला साथरोगशास्त्र म्हणतात. डॉक्टर एका रोग्याला तपासतो, तर साथरोगशास्त्रज्ञ सबंध गावाला तपासतो. जे आजारी पडले त्यांच्याकडे तो पाहतोच, पण जे आजारी पडले नाहीत त्यांच्याकडेही तितक्याच बारकाईने पाहतो. त्याची पहिली हत्यारे अगदी साधी असतात : वही, पेन्सिल आणि शेकडेवारी. सूक्ष्मदर्शक नंतर येतो.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. हे शास्त्रही व्याख्या पाठ करून येत नाही. त्यासाठी एखादे कोडे स्वतः सोडवावे लागते. म्हणून आज तुमच्यापुढे एक खरीखुरी घटना ठेवणार आहोत. कागद-पेन्सिल जवळ घ्या. मजकुरात जेथे ‘थांबा’ असे लिहिले आहे तेथे खरोखरच थांबा, स्वतः विचार करा आणि मगच पुढे वाचा.

लायकमिंग गावची रात्र

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ऑस्विगो नावाचा जिल्हा आहे. त्या जिल्ह्यातील लायकमिंग या खेड्यात १८ एप्रिल १९४० रोजी चर्चच्या तळघरात सामुदायिक भोजन होते. पदार्थ गावकऱ्यांनीच आपापल्या घरून करून आणले होते. संध्याकाळी ६ वाजता जेवणे सुरू झाली आणि रात्री ११ पर्यंत चालली. सर्व पदार्थ एका टेबलावर मांडलेले होते. ज्याने त्याने यावे, हवे ते वाढून घ्यावे, अशी पद्धत होती.

दुसऱ्या दिवशी गावच्या आरोग्य अधिकाऱ्याने सिराक्यूज येथील जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला कळवले, की गावात पोटाच्या विकाराची साथ आली आहे. चौकशीसाठी डॉ. रूबिन यांना पाठवण्यात आले. गंमत अशी, की ते स्वतःच त्या वेळी या शास्त्राचे शिक्षण घेत होते. म्हणजे एका अर्थाने तुमच्यासारखेच विद्यार्थी!

थांबा. तुम्ही रूबिन यांच्या जागी आहात. गावात पोहोचल्यावर पहिले तीन प्रश्न कोणते विचाराल? कागदावर लिहा.

तुमच्या कागदावर ‘कोण आजारी पडले, केव्हा पडले, कोठे पडले’ असे काही असेल तर तुमची वाट बरोबर आहे. कोण, केव्हा आणि कोठे हे साथरोगशास्त्राचे पहिले तीन प्रश्न होत. ‘का’ हा प्रश्न त्यांच्यानंतर येतो. घाईने आधी ‘का’ विचारणारा माणूस बहुधा अफवेच्या मागे लागतो.

रूबिन यांना असे कळले, की आजारी पडलेले सर्वजण आदल्या रात्री त्या भोजनाला गेले होते. त्यांच्याच घरातील जी माणसे भोजनाला गेली नव्हती, ती मात्र ठणठणीत होती. यावरून काय दिसते? घरचे पाणी, घरचे दूध किंवा गावची हवा यांवरचा संशय बराचसा दूर होतो. संशय येऊन ठेपतो तो त्या भोजनावर. भोजनाला ८० माणसे हजर असल्याचे माहीत होते. रूबिन यांनी त्यांपैकी ७५ जणांच्या मुलाखती घेतल्या. तुम्ही काय काय खाल्ले? त्रास झाला का? झाला असल्यास किती वाजता सुरू झाला? हे प्रश्न सर्वांना सारखेच विचारले, आजारी असलेल्यांना आणि नसलेल्यांनाही. ७५ पैकी ४६ जण आजारी पडले होते.

घड्याळ काय सांगते?

आजाराची लक्षणे अशी होती : मळमळ, उलट्या, जुलाब आणि पोटदुखी. ताप कोणालाही नव्हता. २४ ते ३० तासांत सगळे बरेही झाले. ज्यांनी जेवणाची नेमकी वेळ सांगितली, त्यांच्या बाबतीत जेवण आणि त्रासाची सुरुवात यांत ३ ते ७ तासांचे अंतर होते. मधले अंतर साधारण ४ तासांचे होते.

थांबा. एवढ्यावरून रोगाविषयी काही अंदाज करता येईल का?

अन्नातून जंतू पोटात गेले, की त्यांना तेथे वाढायला वेळ लागतो. टायफॉइडचे जंतू तर रोग दाखवायला एक ते तीन आठवडे घेतात. अन्नातून येणाऱ्या इतर साल्मोनेलांनाही बहुधा ६ तासांपासून काही दिवसांपर्यंतचा अवधी लागतो आणि त्यांच्या बाधेत सहसा ताप येतो. येथे तर तीन-चार तासांतच उलट्या सुरू झाल्या आणि ताप नाही. म्हणजे जंतू पोटात जाऊन वाढले असे दिसत नाही. ते आधीच अन्नात वाढले असावेत आणि त्यांनी अन्नात सोडलेले तयार विष माणसांच्या पोटात गेले असावे. असे विष तयार करणारे पुंजगोलाणू नावाचे जंतू आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली ते द्राक्षांच्या घडासारखे दिसतात. इंग्रजीत त्यांना स्टॅफिलोकॉकस म्हणतात.

पाहा, अजून एकही नमुना प्रयोगशाळेत गेलेला नाही आणि तरीही केवळ घड्याळाच्या मदतीने आपण संशयितांची यादी किती लहान केली! पण हा अजून अंदाज आहे, पुरावा नव्हे. शिवाय विष कोणत्या पदार्थात होते हे ठरायचेच आहे.

पदार्थांची झडती

भोजनात चौदा पदार्थ आणि पेये होती. त्यांपैकी सहांची माहिती पुढे दिली आहे.

भाजलेले हॅम : खाणारे ४६, त्यांपैकी आजारी २९. न खाणारे २९, त्यांपैकी आजारी १७.

पालक : खाणारे ४३, त्यांपैकी आजारी २६. न खाणारे ३२, त्यांपैकी आजारी २०.

केक : खाणारे ४०, त्यांपैकी आजारी २७. न खाणारे ३५, त्यांपैकी आजारी १९.

कॉफी : पिणारे ३१, त्यांपैकी आजारी १९. न पिणारे ४४, त्यांपैकी आजारी २७.

व्हॅनिला आइसक्रीम : खाणारे ५४, त्यांपैकी आजारी ४३. न खाणारे २१, त्यांपैकी आजारी ३.

चॉकलेट आइसक्रीम : खाणारे ४७, त्यांपैकी आजारी २५. न खाणारे २७, त्यांपैकी आजारी २०. (एका आजारी व्यक्तीचे उत्तर नोंदलेले नाही.)

आता एखादा म्हणेल, “४६ रोग्यांपैकी २९ जणांनी हॅम खाल्ले होते, म्हणजे निम्म्याहून जास्त! मांसाहारच बाधला!” गावात अशाच वावड्या उठतात. ज्या बाईने हॅम करून आणले, तिच्याकडे मग सारा गाव संशयाने पाहू लागतो. पण या विधानात एक मोठी उणीव आहे. ज्यांनी हॅम खाल्ले नाही त्यांचे काय झाले, हे कोणी विचारलेच नाही.

थांबा. प्रत्येक पदार्थासाठी दोन शेकडेवाऱ्या काढा : खाणाऱ्यांपैकी शेकडा किती आजारी पडले आणि न खाणाऱ्यांपैकी शेकडा किती. या आकड्याला आपण बाधा-दर म्हणू.

हॅम खाणाऱ्यांचा बाधा-दर शेकडा ६३ येतो आणि न खाणाऱ्यांचा ५९. म्हणजे खाल्ले काय, न खाल्ले काय, जवळजवळ सारखेच. हॅम निर्दोष ठरते आणि ती बाईही! पालकाचे आकडे ६० आणि ६२.५, कॉफीचे ६१ आणि ६१. केकचे ६७.५ आणि ५४. येथे थोडा फरक आहे, पण फार नाही. आता व्हॅनिला आइसक्रीम पाहा. खाणाऱ्यांपैकी शेकडा ८० आजारी, न खाणाऱ्यांपैकी केवळ शेकडा १४. एकाला दुसऱ्याने भागा. व्हॅनिला आइसक्रीम खाणाऱ्याला आजारी पडण्याचा धोका न खाणाऱ्याच्या साडेपाच पटींहून अधिक होता. चौदा पदार्थांत एवढी मोठी तफावत दुसऱ्या कोठेही नव्हती.

पुढे एक दुजोराही मिळाला. एका मुलाला दुपारी ३ वाजता, म्हणजे भोजन सुरू होण्यापूर्वीच, त्रास सुरू झाला होता. प्रथम ही नोंद चुकीची वाटते. पण त्याने त्या दिवशी सकाळी ११ वाजताच आइसक्रीम खाल्ले होते. अंतर बरोबर ४ तासांचे! जी नोंद सिद्धांत मोडेल असे वाटत होते, तिनेच त्याला बळकटी दिली. म्हणून न जुळणारी नोंद कधीही खोडून टाकू नये.

चॉकलेट औषध होते की काय?

चाणाक्ष वाचकांच्या लक्षात एक चमत्कारिक गोष्ट आली असेल. चॉकलेट आइसक्रीम खाणाऱ्यांचा बाधा-दर शेकडा ५३ आहे आणि न खाणाऱ्यांचा ७४. म्हणजे चॉकलेट आइसक्रीम खाल्ल्याने रोगापासून बचाव झाला असे म्हणायचे काय?

थांबा. वरच्याच आकड्यांतून याचे उत्तर मिळते.

चॉकलेट न खाणाऱ्या २७ जणांपैकी २० आजारी पडले. आता सबंध मेळाव्यात व्हॅनिला न खाता आजारी पडलेले लोक किती? फक्त ३. तेव्हा या २० पैकी निदान १७ जणांनी व्हॅनिला खाल्लेच असले पाहिजे. म्हणजे चॉकलेट नाकारणारे बहुतेक लोक व्हॅनिला घेणारे होते आणि म्हणून ते अधिक आजारी पडले. चॉकलेटने कोणाला वाचवले नाही. दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असल्या, की एकीचा परिणाम दुसरीच्या नावावर जमा होतो. या शास्त्रात ही फसगत नेहमी होते. अमुक खाणारे लोक दीर्घायुषी असतात, तमुक वापरणाऱ्यांचे दात बळकट असतात, अशा जाहिराती वाचताना या चॉकलेटची आठवण ठेवा.

आणखी दोन गाठी सोडवायच्या राहिल्या. व्हॅनिला खाऊनही ११ जण आजारी पडले नाहीत. कोणी थोडेसेच खाल्ले असेल, विष सगळीकडे सारखे मिसळलेले नसेल, आणि प्रत्येकाची प्रकृतीही निराळी. उलट ३ जण व्हॅनिला न खाताही आजारी पडले. दोन्ही आइसक्रीम वाढायला डाव एकच होता. त्यावरून थोडे व्हॅनिला चॉकलेटमध्ये गेले असावे, हा चौकशी करणाऱ्यांनी काढलेला सर्वांत संभवनीय अर्थ होय.

प्रयोगशाळेचा निकाल

उरलेल्या आइसक्रीमचे नमुने ऑल्बनी येथील प्रयोगशाळेत तपासले गेले. व्हॅनिलात पुंजगोलाणू विपुल सापडले, चॉकलेटमध्ये अगदी थोडे. पेन्सिलीने काढलेले अनुमान खरे ठरले.

मग आइसक्रीम कसे केले होते याची चौकशी झाली. आदल्या दिवशी, १७ एप्रिलच्या दुपारी, दूध तापवून त्यात साखर, अंडी आणि थोडे पीठ घालण्यात आले. संध्याकाळी ६ वाजता दोन्ही मिश्रणे झाकलेल्या भांड्यांतून चर्चच्या तळघरात नेली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी त्यांत व्हॅनिलाचा अर्क आणि आटवलेले डब्याचे दूध मिसळून ती गोठवण्यात आली. दूध, साखर, अंडी आणि गारव्याविना गेलेली रात्र : जंतूंना वाढायला याहून सोयीचे काय हवे? आइसक्रीम गोठवले म्हणून विष नाहीसे होत नाही. इतकेच नव्हे, तर हे विष उकळूनही सहजासहजी नष्ट होत नाही. खराब झालेले अन्न पुन्हा चांगले उकळले की झाले, ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे.

हे जंतू आले कोठून? पुंजगोलाणू अनेक निरोगी माणसांच्या नाकात सुखेनैव नांदत असतात. साधारण चारात किंवा तिघांत एकाच्या. आइसक्रीम करणाऱ्या दोघींपैकी एकीच्या नाकात ते सापडलेही. पण ते तिच्याकडूनच गेले आणि फक्त व्हॅनिलातच का वाढले, हे चौकशीत सिद्ध झाले नाही आणि अहवालात तसे स्पष्ट लिहिले आहे. जेवढे सिद्ध झाले तेवढेच सांगायचे, हाही शास्त्राचाच नियम.

उत्तर आधी की प्रश्न आधी?

हे कोडे आम्ही शोधून काढलेले नाही. अमेरिकेत १९५१ साली अलेक्झांडर लँगमुर यांनी रोगांच्या साथींचा छडा लावणाऱ्या तरुण डॉक्टरांचे एक पथक उभे केले. तेथे शिकायला येणाऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी लायकमिंगचे हे कोडे सोडवले आहे. आपल्या देशातही दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात २०१२ पासून अशा प्रकारचे प्रशिक्षण दिले जाते. आधी कोडे, मग सिद्धांत, या पद्धतीला समस्याधारित शिक्षण म्हणतात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ पासून आपल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचे सारे शिक्षणच या पायावर उभारले आणि तेथून ही पद्धत जगभर पसरली.

शिक्षकबंधू-भगिनींना ती वर्गात सहज वापरता येईल. पाच-सहा विद्यार्थ्यांचे गट करावेत. पहिल्या तासाला फक्त बातमी द्यावी : ‘गावात ४६ जण आजारी’. गटांनी प्रश्न काढावेत. दुसऱ्या तासाला लक्षणे आणि वेळा, तिसऱ्या तासाला पदार्थांचे आकडे, आणि प्रयोगशाळेचा निकाल अगदी शेवटी. कोणी निष्कर्ष सांगितला, की बरोबर किंवा चूक न म्हणता शिक्षकांनी एवढेच विचारावे : “कशावरून?” गणिताचा, जीवशास्त्राचा आणि भाषेचा तास येथे एकत्र येतात. यात वेळ अधिक जातो हे खरे. पण बाधा-दर म्हणजे काय, हे ज्याने स्वतः हुडकले तो ते विसरत नाही.

आपल्याकडची पंगत

हीच रीत आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीला लावून पाहा. एक अडचण लगेच जाणवेल. लायकमिंगला ज्याने त्याने आवडीप्रमाणे वाढून घेतले होते. पंगतीत मात्र सगळ्यांच्या पानांत सगळेच पदार्थ पडतात आणि आग्रहही होतो! मग न खाणारे आणायचे कोठून? अशा वेळी चतुर शोधक निराळी माणसे हुडकतो : ज्यांचा त्या दिवशी उपास होता, मधुमेहामुळे ज्यांनी गोड वर्ज्य केले, जे पहिल्या पंगतीला बसले आणि जे शेवटच्या. पहिली पंगत ठणठणीत आणि शेवटची आजारी असेल, तर मधल्या वेळात काय घडले हे विचारावे.

दुसरी अडचण आठवणीची. २०११ च्या मे महिन्यात जर्मनीत एका जंतूची भयंकर साथ आली. सुमारे ३,८०० लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पेनहून आलेल्या काकड्यांवर बोट ठेवले. काकड्यांची विक्री कोसळली आणि स्पेनच्या शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले. पुढे कळले, की त्या काकड्यांवरचा जंतू साथीचा नव्हताच. मग शोधकांनी उपाहारगृहात जेवलेल्या गटांना ‘काय खाल्ले’ एवढेच न विचारता ‘कोणती डिश मागवली’ हे विचारले आणि त्या डिशमध्ये काय काय घातले होते ते आचाऱ्याकडून लिहून घेतले. तेव्हा खरा गुन्हेगार उजेडात आला : वरून पेरलेले कच्चे मोड. ते मोड खाणाऱ्यांना धोका सुमारे चौदा पट होता. पदार्थावर चिमूटभर पेरलेले मोड बहुतेकांच्या लक्षातही राहिले नव्हते! माग काढत शोधक इजिप्तहून आलेल्या मेथीच्या दाण्यांपर्यंत पोहोचले. घाईने केलेल्या आरोपाने निरपराधाचे नुकसान होते आणि खरा गुन्हेगार मोकळा राहून आणखी बळी घेतो, हे या घटनेवरून ध्यानात येईल.

आता तुमची पाळी

पुढील उदाहरण काल्पनिक आहे. एका शाळेच्या सहलीला ६० विद्यार्थी गेले. दुपारी १ वाजता सर्व जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून २४ जणांना जुलाब आणि ताप सुरू झाला. पुऱ्या ५५ जणांनी खाल्ल्या, त्यांपैकी २२ आजारी. न खाणाऱ्या ५ पैकी २. बटाट्याची भाजी ५० जणांनी खाल्ली, त्यांपैकी २० आजारी. न खाणाऱ्या १० पैकी ४. ताक ३० जण प्याले, त्यांपैकी २१ आजारी. न पिणाऱ्या ३० पैकी ३.

१. सर्वांत जास्त आजारी विद्यार्थी कोणता पदार्थ खाणाऱ्यांत आहेत? मग तोच पदार्थ दोषी का ठरत नाही?

२. खरा संशयित कोणता? त्याने धोका किती पट वाढला?

३. हा आजार लायकमिंगसारखा, अन्नात तयार झालेल्या विषाचा वाटतो का? कशावरून?

४. संशयित सापडल्यावर स्वयंपाक करणाऱ्यांना आणि वाढणाऱ्यांना कोणते पाच प्रश्न विचाराल?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत आणि घड्याळात आहेत. चौथ्याचे उत्तर येथे छापलेले नाही. ते तुम्ही आपल्या गटात बसून ठरवा आणि कोणी काही सुचवले, की त्याला “कशावरून?” असे अवश्य विचारा.